ऊस आपला, कोयता पाव्हण्याचा


गेल्या हंगामात एका वस्तीवर बीडकडच्या टोळीतल्या बायकांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. "बाहेरची माणसं, सवय लागंल," असं मालक म्हणाले. आम्ही विचारलं, "तुमच्या रानातला को 86032 कुठला?" 'को' म्हणजे कोइमतूर! तिथल्या 1912 सालच्या ऊस पैदास संस्थेतला हा वाण पाडेगावच्या संशोधन केंद्रानं पारखला, आपल्या मातीत रुजला अन् आपलाच झाला. मालक हसले, मोटार चालू केली.

गावची जत्रा, रीतभात जरूर जपावी. पण तोड रखडली तर वजन आपलंच घटतं. तेव्हा यंदा खोपी पडताच पाण्याची, उजेडाची सोय करावी आणि पोरांची नावं गावच्या शाळेत घालावीत, ही विनंती.