साबणावरचा ठसा आणि पाण्यातले विष

पाणी नितळ दिसले, त्याला वास नसला आणि वर ते उकळून घेतले, की गृहिणी निश्चिंत होते. पटकी-विषमज्वराच्या जंतूंपुरते ते योग्यच आहे. पण गेल्या शतकात माणसाने अशी काही रसायने निर्माण केली, की त्यांच्यापुढे चुलीचे काही चालत नाही. ‘पीफास’ हे त्यांचे कुलनाम. कार्बन आणि फ्लुओरिन यांची त्यांतली गाठ इतकी घट्ट, की ऊन, पाऊस, जंतू यांपैकी कोणालाच ती सहजी सुटत नाही.

अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या टेफ्लॉन-कारखान्यातून ‘सी-८’ नावाचे असेच एक रसायन वर्षानुवर्षे भोवतालच्या पाण्यात मिसळत होते. लोक ते पाणी पीत होते. एका शेतकऱ्याची गुरे मेली, १९९९ साली तो न्यायालयात गेला, तेव्हा कोठे प्रकरणाला वाचा फुटली. मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी त्या रसायनाचा संबंध संभवतो, हा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष पूर्ण व्हायला २०१२ साल उजाडले!

२०२४ साली अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात या द्रव्याची मर्यादा ठरवली, ती २५ कोटी लिटरांत १ ग्रॅम! एवढे अल्प विष हुडकणारी यंत्रे आहेत. पण ती महागडी, आणि मोठ्या प्रयोगशाळांतच सापडणारी.

मग स्वस्त उपाय कोणता? पाण्यातली द्रव्ये विजेने ओळखण्याची विद्या जुनीच. १९२२ साली प्रागच्या हेरॉव्स्की यांनी ती सिद्ध केली. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पीफास विजेलाही सहसा दाद देत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी चोराची युक्ती उचलली. रहस्यकथेतला चोर साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेतो ना? तसेच विद्युताग्रावर प्लॅस्टिकसारखा पातळ थर चढवताना त्यात पीफासचे रेणू मिसळतात आणि मागाहून धुऊन काढतात. त्यांच्या आकाराच्या खाचा मागे राहतात. पाण्यात विजेला दाद देणारे दुसरे द्रव्य घातले, की या खाचांतून प्रवाह वाहतो. पीफास असेल तर ते खाचांत जाऊन बसते आणि प्रवाह मंदावतो. जो स्वतः बोलत नाही, त्याचा पत्ता असा वाट अडल्यावरून लागतो!

पाण्यातली इतर द्रव्येही कधी खाचा बुजवतात. म्हणून प्रयोगशाळेची साक्ष अजून लागतेच. तरीही हे संशोधन मोलाचे वाटते. आपल्या घागरीत काय आहे, हे कळण्यासाठी गुरे मरण्याची वाट का पाहावी?