वंशावळीत आजी कुठे आहे?

घराण्याची वंशावळ काढणं हे पुरुषांचं काम, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत. खापरपणजोबा, त्यांचे चार मुलगे, मग त्या मुलांचे मुलगे. झाड कसं फांद्यांनी डवरलेलं! पण भगिनींनो, त्या झाडावर ना एक लेक, ना एक सून. हे सगळे मुलगे काय आभाळातून पडले?

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना बालाघाटाच्या माळावर हे गाव लागतं. चंद्राने इथे गणपतीची आराधना केली अशी कथा आहे, म्हणून इथला गणपती भालचंद्र. मी चौथीत असताना वडिलांनी बिऱ्हाड शहरात हलवलं. यंदा मे महिन्यात शाळेच्या कामातून मोकळी झाले आणि आठ दिवस काकांकडे राहून आले. घराण्यातल्या बायका शोधून काढायच्या, एवढंच मनाशी ठरवलं होतं.

पहिला पुरावा सापडला तो स्वयंपाकघराच्या माळ्यावर. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची आपली जुनी रीत. कुणाकडून, कुणाला, कधीकधी तिथीसुद्धा! काळी पडलेली एक तांब्याची घागर चिंच-मिठाने घासली, तर काठावर आजीचं माहेरचं नाव उमटलं. आम्हाला ठाऊक असलेलं तिचं नाव देवीचं, घागरीवरचं नदीचं. लग्नात नाव बदललं आणि साठ वर्षं त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही.

आजी शाळेत गेली नव्हती, पण आत्या चौथीपर्यंत शिकली. शाळेतलं दाखलखारीज रजिस्टर अशा वेळी फार उपयोगी पडतं. मुलीचं माहेरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, सारं त्यात असतं.

जमिनीचे जुने कागद पाहायचे तर मराठवाड्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. त्यामुळे कितीतरी नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतात आणि साल फसली असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. वाचणारा जाणकार मात्र सोबत हवा.

आमच्या जमिनीच्या कागदांत बाईचं नाव सापडलं ते थेट आजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात. वारस म्हणून मुलांबरोबर दोन्ही आत्यांची नावं लागली. पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्र, आणि सातबारावर त्या दोन नावांना कंस! लेकीचं नाव कागदावर आलं, ते जणू निघून जाण्यासाठीच.

आत्याला विचारलं, "का गं सही केलीस?" ती म्हणाली, "जमीन घेऊन काय करू बाई? दिवाळीला यायला दार उघडं राहिलं पाहिजे." काका तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मीही पुढे बोलले नाही, पण तो कंस काही डोळ्यांसमोरून जाईना.

कायदा काय म्हणतो, हे आपल्याला ठाऊक असावं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलींनाही तो मिळाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि व्यवहार त्यामुळे मोडत नाहीत. भावाला हिस्सा सोडू नये असं मी म्हणत नाही. सोडायचा तर कागद वाचून, समजून-उमजून सोडावा. दार बंद होईल या भीतीने नव्हे.

आता दिवस थोडे पालटताहेत. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्यात आईचं नाव लावणं बंधनकारक झालं आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांची नावं कोणतं सरकार शोधणार? ते आपणच करायचं.

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक बाईसाठी एक पान. माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आईचं नाव, किती बाळंतपणं, किती मुलं जगली. घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून सुरुवात करा. भाजी निवडताना विचारलं की त्या भरभरून सांगतात. जुनी भांडी मोडीत देण्यापूर्वी काठ आणि बूड घासून बघा, नाव असेल तर उतरवून घ्या. त्र्यंबकेश्वर, पैठणला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपलं घराणं विचारा, आणि नव्याने नावं लिहिताना लेकी-सुनांचीही लिहायला सांगा.

आमच्या वहीत आजवर अकरा पानं भरली आहेत. पहिल्या पानावर आजीचं घागरीवरचं नाव आहे, आणि आत्यांची नावं कंसाशिवाय लिहिली आहेत.