गाण्यातला शब्द आणि गाण्याचा अर्थ

लग्नसराईत धुळ्याच्या अथवा जळगावच्या रस्त्याने वरात निघाली, की बँडवाल्याकडे 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्याची फर्माईश हमखास होते. गेल्या काही वर्षांत हे गाणे खानदेशाची वेस ओलांडून मुंबई-पुण्याकडील मंडपांतही जाऊन पोचले. परंतु त्या प्रवासात त्याच्या पहिल्याच शब्दावर एक लहानसा अपघात होतो. 'हाई' हा शब्द कानी पडताच शहरातील श्रोत्यास तो 'हाय' असा प्रेमिकाचा उद्गार वाटतो. कोणी घायाळ तरुण उसासा टाकीत आहे असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः तेथे उसासाही नाही आणि घाव तर त्याहून नाही. अहिराणीत 'हाऊ' म्हणजे हा आणि 'हाई' म्हणजे ही. 'ही झुमकेवाली मुलगी' एवढेच गाणारा बोट दाखवून सांगतो आहे.

गोष्ट क्षुल्लक खरी. तथापि गाण्यांच्या अर्थाविषयी चहाच्या टेबलाभोवती, आगगाडीच्या डब्यात आणि हल्ली दूरध्वनीच्या पडद्यावरून जे अखंड वाद चालतात, त्यांतील एक मोठी जात या क्षुल्लक गोष्टीत सापडते. पुष्कळ वाद अर्थाचे नसतातच. ते ऐकण्याचे असतात. ज्या बोलीत गाणे जन्मले, ती बोली ऐकणाऱ्याच्या कानास ठाऊक नसते; मग कान आपल्या ओळखीचा शब्द त्या ठिकाणी बसवितो आणि बुद्धी त्या बसविलेल्या शब्दावर भाष्य करू लागते.

धुळे शहरातच याचे एक मौजेचे उदाहरण आहे. तेथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जन्मभर हिंडून जमविलेली रामदासी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. त्या पोथ्यांत 'मना' हा शब्द आला म्हणजे तो मनास उद्देशून असतो, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही कळते. परंतु मंदिरातून बाहेर पडून बाजारात यावे, तो भाजी विकणारी बाई 'मना पोऱ्या' म्हणते. तिचा 'मना' म्हणजे 'माझा'. 'मनी' म्हणजे 'माझी'. अहिराणी गीतातील 'मनी' हा शब्द ऐकून कोणी 'मनामध्ये' असा काव्यमय अर्थ घेऊ लागला, तर त्याच्या रसिकतेचे कौतुक करावे, पण गाणे त्याला कळले असे म्हणू नये.

खानदेशाची बोली एकच एक आहे, असाही एक गैरसमज शहरांत दिसतो. धुळे जिल्हा आणि जळगावचा पश्चिम भाग, म्हणजे अमळनेर, पारोळे, चाळीसगाव हा अहिराणीचा मुलूख. तर पूर्वेकडे यावल, रावेर, भुसावळ या केळीच्या पट्ट्यात लेवा बोली अधिक ऐकू येते. ज्यांच्या गाण्यांनी खानदेशाचे नाव घरोघर नेले, त्या बहिणाबाई चौधरी या दुसऱ्या बोलीच्या.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावनजीकच्या असोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या, तिशीच्या सुमारास विधवा झाल्या आणि १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर काम करताना त्या जे गात, ते त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून घेतले. सोपानदेवांनी ते आचार्य अत्रे यांना दाखविले आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक निघाले. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवार यांच्या चालींवर त्यांतील गाणी आली व आकाशवाणीने ती घरोघर पोचविली. ज्यांनी कधी नांगर पाहिला नव्हता, अशा असंख्य कुटुंबांना ती तोंडपाठ झाली. जी बाई कधी शाळेच्या बाकावर बसली नाही, तिचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले.

आता त्यांच्या मनावरील गाण्यातील 'वढाय' हा एकच शब्द घ्यावा. शहरातील पुष्कळ श्रोते तो 'ओढ' या शब्दाशी जोडतात आणि मनास कशाची तरी हुरहुर लागली आहे, ते दूर कोठे ओढले जात आहे, असा हळवा अर्थ घेतात. लेवा बोलीत, आणि अहिराणीतही, 'ळ' चा 'य' होतो. डोळ्यास डोया म्हणावे, जळगावास जयगाव म्हणावे, आणि काळा या शब्दाचा उच्चार 'काया' असा व्हावा, की ज्यामुळे बाहेरच्या माणसास एकदम देह आठवावा! तशात आरंभीच्या 'ओ' चा 'व' होतो. म्हणजे 'वढाय' हा शब्द आपला 'ओढाळ' होय. ओढाळ कोण असते? ओढाळ असते गुरू. कितीही हाकलले तरी पुनःपुन्हा दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणारे, काठी दिसली की चार पावले मागे सरणारे आणि पाठ वळताच पुन्हा तेथेच येणारे. गाण्यात पुढे पिकातील गुराचीच उपमा आहे. पण पहिला शब्द हळव्या अर्थाने एकदा मनात बसला, की पुढचे स्पष्ट चित्रही डोळ्यांआड होते. शहरी श्रोता हुरहुर ऐकतो. शेतकरी ऐकतो ती डोकेदुखी. दोहोंत गाण्याची गंमत कोणत्या अर्थात अधिक आहे, हे सांगावयास नको. मनावर तत्त्वज्ञान सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत, पण मनाला शेताच्या बांधावर नेऊन त्याच्यामागे काठी घेऊन धावणारी बाई विरळा.

हाच प्रकार 'खोपा' या शब्दाचा. अंबाड्याचा खोपा ठाऊक असलेल्यास सुगरणीचा खोपा म्हणजे झाडास टांगलेले घरटे, हे सांगावे लागते. परंतु येथे शब्द कळल्यावरही वाद संपत नाही. 'खोप्यामधी खोपा' म्हणजे घरट्याच्या आत आणखी एक घरटे काय? की 'माणसांत माणूस' असे जसे म्हणतात, तसा घरट्यांत घरटा, म्हणजे सर्वांत सरस? दुसरा अर्थ मराठीच्या वळणास धरून आहे आणि तोच घ्यावा हे बरे. तथापि पहिला अर्थ घेणाऱ्यास अगदीच वेड्यात काढता येत नाही, कारण बाया पक्ष्याच्या घरट्याची रचना खरोखरच अशी गुंतागुंतीची असते.

पक्ष्याचा विषय निघाला की एक नवा वादी उभा राहतो, तो म्हणजे पक्षिशास्त्र जाणणारा. तो म्हणतो, घरटे मादी विणीतच नाही, नर विणतो! आणि त्याचे म्हणणे खरे आहे. सालीम अली यांनी १९३० साली आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे या पक्ष्याच्या वीणकाळाचे बारकाईने निरीक्षण केले. नर गवताच्या चिरफळ्या काढून घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले तर ती त्यात राहते आणि नर उरलेले काम पुरे करून शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मग बहिणाबाईंचे गाणे चुकले काय? गाण्यातील जीव कारागिरीत आहे हे खरे, पण तितकाच तो पिलांसाठी झाडाला टांगलेल्या जिवात आहे. आणि अंडी उबविणे व पिले वाढविणे ही जबाबदारी बहुतांशी एकटी मादीच उचलते, हेही त्याच शास्त्राने सांगितलेले आहे. शिवाय मराठीने 'सुगरण' हा शब्दच स्त्रीलिंगी ठेवला आहे. नरासाठी वेगळा शब्द शेतकऱ्याजवळ नाही. गाण्याला भाषेने जे दिले, ते गाण्याने घेतले.

येथून काही श्रोते आणखी एक पाऊल पुढे टाकतात. ते म्हणतात, ही पिलांसाठी एकटी झटणारी सुगरण म्हणजे तीन मुलांसह मागे राहिलेल्या बहिणाबाईच. अर्थ मोठा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. मात्र तो गाण्यातून निघालेला नसून चरित्रातून गाण्यात नेलेला आहे, एवढे स्मरण ठेवावे. गाण्यात कोणी विधवा नाही. झाड आहे, पक्षी आहे, आणि माणसाला दोन हात असून त्याने काय केले असा मिश्किल टोमणा आहे. दुःखाचा अर्थ लावण्याच्या भरात हा टोमणा हरवतो, आणि बहिणाबाई केवळ सोशिक होऊन बसतात. त्या तशा नव्हत्या.

बहिणाबाईंनाच विचारले असते तर? पुस्तक निघाले तेव्हा त्या हयात नव्हत्या, म्हणून तो मार्ग खुंटला. पण कवी हयात असूनही वाद मिटत नाहीत, याचा दाखला अमेरिकेत आहे. डॉन मॅक्लीन या गायकाचे 'अमेरिकन पाय' हे १९७१ सालचे दीर्घ गाणे. त्यातील राजा कोण, विदूषक कोण, यावर तेथील रसिकांनी अर्धशतक डोके खाजविले. २०१५ साली त्या गाण्याचे मूळ कागद लिलावात बारा लाख डॉलरांस गेले, तरीही चर्चा थांबली नाही. कवीने अर्थ सांगितला तर लोक 'एवढेच?' म्हणतात, न सांगितला तर 'काहीतरी लपवितो' म्हणतात.

ज्या वादात शब्दाचा काहीच दोष नसतो, तो वाद मात्र निराळा. आणि त्याचेही सर्वांत गाजलेले मराठी उदाहरण जळगाव जिल्ह्यातीलच आहे, हा योगायोग म्हणावयाचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे १८९० साली धरणगाव येथे जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष असताना, त्या सतरा वर्षांच्या मुलास 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्यांची 'औदुंबर' ही कविता अवघ्या आठ ओळींची. एक टेकडी, चार घरांचे गाव, हिरवी शेते, त्यांतून जाणारी पांढरी वाट, आणि शेवटी काळ्या डोहात पाय सोडून बसलेला औदुंबर. यात एकही शब्द असा नाही, की ज्यासाठी कोश उघडावा. आणि तरीही तिच्या अर्थावर टीकाकारांच्या पिढ्या लेखण्या झिजवीत आल्या.

कोणी म्हणतात, हा वृक्ष म्हणजे जगाच्या गडबडीपासून अलिप्त झालेला योगी. औदुंबर हा दत्तात्रेयाचा वृक्ष, तेव्हा हा अर्थ श्रद्धाळू घरांत सहज रुजतो. कोणी म्हणतात, गावाकडून निघालेली वाट डोहापर्यंत येऊन पोचते, म्हणून ही जीवनाकडून मृत्यूकडे जाणारी वाट होय. कवी १९१८ च्या मे महिन्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. ही वार्ता ज्याला ठाऊक आहे, त्यास डोह काळाच दिसणार. पण कविता लिहिणाऱ्यास भादली ठाऊक नव्हती. तिसरा पक्ष म्हणतो, अर्थ कसला शोधता? हे रंगांचे चित्र आहे, पाहावे आणि समाधान मानावे.

यापैकी कोणताही पक्ष शब्दास चुकलेला नाही, आणि म्हणूनच हा वाद करण्याजोगा आहे. व्याकरणाने तो पुरता सुटत नसला, तरी व्याकरण मदत करते. शेवटच्या ओळीतील 'असला' हा शब्द पाहावा. तो औदुंबराचे विशेषण धरला, तर 'अशा तऱ्हेचा' असा अर्थ होतो; कवी सारे चित्र काढून झाल्यावर जणू बोटाने दाखवितो आहे. तोच शब्द आधीच्या क्रियापदास जोडला, तर 'बसलेला असावा' अशी तर्काची छटा येते आणि दिसणारे झाड एकाएकी कल्पनेतले होते. पहिला अन्वय अधिक सरळ आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: पाण्यावर पसरलेल्या काळिम्यास कवीने 'गोड' हे विशेषण दिलेले आहे. मृत्यूचा अर्थ लावणाऱ्यांना या शब्दाची वाट लावल्यावाचून पुढे जाता येत नाही. बहुतेकजण त्यास हळूच वळसा घालतात.

परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत मात्र 'औदुंबर म्हणजे विरक्त योगी' हे उत्तर छापलेले असते, आणि मुले ते पाठ करतात. जळगावच्या शाळेतील एखाद्या मुलाने गिरणेच्या काठी उंबराखाली दुपार घालविलेली असते. पाण्यात पाय सोडून बसण्याचे सुख काय असते, ते त्याला चांगले कळते. त्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, की हे झाड पाण्यात पाय सोडून मजेत बसले आहे, तर त्यास गुण द्यावे की नाही, असा प्रश्न तपासणाऱ्यापुढे येतो. कवितेतील 'गोड' हा शब्द त्या मुलाच्या बाजूचा आहे.