टॅपेट वाजतोय, वाजू द्या

बडोद्याहून एका प्रेक्षकांनी विचारलंय, "जिप्सीला रॅलीची कॅमशाफ्ट बसवली, तेव्हापासून टॅपेट वाजतात. कंपनीच्या मापाला घट्ट करू का?"

अजिबात नको. मी केलं होतं, म्हणून सांगतो.

आपण बोलतोय जुन्या आठ व्हॉल्व्हच्या 1298 सीसी जिप्सीबद्दल. मूळ कॅमला थंड इंजिनावर इनटेकचा गॅप 0.13 ते 0.17 मिलिमीटर, एक्झॉस्टचा 0.16 ते 0.20. पण ही मापं त्या कॅमची. नवी कॅम आली की ती बनवणाऱ्याच्या कार्डावरचा आकडा धरायचा. कार्ड देत नसेल तर कॅम घेऊ नका.

मला आवाज सहन झाला नाही. एक्झॉस्टचे गॅप कमी केले, इंजिन छान गप्प झालं आणि मी खूश. महिन्याभरात घाटात तीन नंबरचा सिलिंडर मेला. झालं असं, की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर जळणार. हेड उतरवलं तेव्हा व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

आता गॅप कसा लावायचा ते बघू. गाडी रात्रभर उभी हवी. एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीने वर-खाली होतात, दोन आणि तीनही तसेच. क्रँक हाताने फिरवा. एकचा एक्झॉस्ट पूर्ण दाबला गेला की चारचा एक्झॉस्ट लावा, एकचा इनटेक दाबला की चारचा इनटेक. मग उलट, आणि पुढे दोन-तीन. कॅम कितीही उग्र असली तरी ही रीत चुकत नाही. फीलर गेज किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. इथेच बहुतेकांची घाई होते.

जुनीच कॅम घासून घेतली असेल तर तिचं मूळ वर्तुळ लहान झालेलं असतं, त्यामुळे स्क्रू नेहमीपेक्षा जास्त खाली उतरवावा लागतो. रॉकरचे तोंड खड्डे पडलेले असतील तर नवे घाला, नाहीतर नवी कॅमही खाऊन टाकतील. लिफ्ट जास्त असेल तर पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती चिकटवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून व्हॉल्व्ह किती जवळ येतो ते बघा. बेल्ट चढवल्यावर खुणाही तपासा.

पहिल्यांदा सुरू करताना कॅमच्या उंचवट्यांना असेंब्ली ग्रीस फासा आणि वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा. आयडलवर सोडू नका, तिथे कॅमला तेल कमी पोचतं.

आणि बडोदेकर, रॅली खेळणार नसाल तर मूळ कॅम परत घाला. उग्र कॅमने ताकद वरच्या आरपीएमला जाते, आणि जिप्सी चढाला लागते तेव्हा आपल्याला खालची हवी असते. ठेवणारच असाल तर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा गॅप मोजा, आणि तीन नंबरच्या एक्झॉस्टपासून सुरू करा.