शास्त्रीय संशोधनास लोकवर्गणी व ‘ब्लॉकचेन’ची वही

नवें बी किंवा नवें औषध शोधावयाचें म्हणजे वर्षानुवर्षें खर्च करावा लागतो, आणि फळ येईलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. हा खर्च बहुधा सरकार अगर मोठ्या कंपन्या करितात. त्यांच्या पसंतीस न उतरलेला प्रश्न तसाच पडून राहतो. अशा प्रश्नांसाठीं पुष्कळ लोकांकडून थोडाथोडा पैसा जमवावा व त्याचा हिशेब ‘ब्लॉकचेन’ नांवाच्या वहींत ठेवावा, अशी एक रीत अलीकडे पाश्चात्य देशांत निघाली आहे. तिचें स्वरूप आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

लोकवर्गणी ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेंत १९३८ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं पोलिओच्या निवारणार्थ संस्था स्थापिली, तेव्हां लोकांनीं ‘डाइम’, म्हणजे डॉलरच्या दहाव्या हिश्शाचीं नाणीं, लाखोंनीं टपालानें पाठविलीं. त्या संस्थेच्या निधींतूनच पुढें डॉ. साल्क यांच्या लशीस साहाय्य झालें, व १२ एप्रिल १९५५ रोजीं ती गुणकारी ठरल्याचें जाहीर झालें. आपल्याकडे मांजरी येथील ऊस-संशोधन संस्था १९७५ सालीं सहकारी साखर कारखान्यांच्या सभासद बागाईतदारांनींच उभी केली. अशा ठिकाणीं वर्गणीदार चिटणिसावर व हिशेबतपासनिसावर विश्वास ठेवतो. नव्या रीतीचे पुरस्कर्ते म्हणतात, विश्वास वहीवरच ठेवा.

ती वही अशी. सोसायटीची कीर्द एका कपाटांत न ठेवतां तिच्या सारख्या प्रती हजारों संगणकांत ठेविल्या आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाच्या सर्व मजकुरावरून गणितानें काढलेली एक खूण असते. कोणी जुना आंकडा खोडला कीं खूण जुळत नाहीं, पुढचीं सर्व पानें बिघडतात, आणि इतर प्रती तो बदल नाकारतात. बिटकॉइनसाठीं अशी वही जानेवारी २००९ मध्यें सुरू झाली. २०१५ सालच्या ‘इथेरियम’ वहींत करारही लिहितां येऊं लागले. अट पुरी झाल्याची नोंद होतांच रक्कम आपोआप सुटते.

ह्याच इथेरियमवर २०२१ सालीं ‘व्हिटाडाओ’ हें मंडळ वार्धक्यावरील संशोधनास पैसा पुरविण्यासाठीं निघालें. त्याची पहिली मदत कोपनहेगन विद्यापीठांतील एका प्रयोगशाळेस गेली व संशोधनाच्या फलावरील हक्काचा करार वहींत नोंदला गेला. जानेवारी २०२३ मध्यें मंडळानें ४१ लाख डॉलर उभे केल्याचें जाहीर केलें; त्यांत फायझर कंपनीची गुंतवणूक शाखाही होती.

परंतु येथें सहकारी सभासदानें एक भेद नीट पाहावा. आपल्या संस्थेंत शेअर कितीही असोत, माणशीं मत एकच. अशा मंडळांत मतें ‘टोकन’च्या संख्येवर मोजतात, ज्याची थैली मोठी त्याचा शब्द मोठा. दुसरें असें कीं, वही अक्षर जपते, सत्य जपत नाहीं. प्रयोगाच्या वाफ्यांत दहा मण पिकलें असतां पंधरा लिहिलें, तर पंधराच कायम राहतील! वाफा पाहावयास माणूसच गेला पाहिजे, आणि तोही त्या विषयांतला जाणता.

करारांतील चुकीचाही धोका आहे. जून २०१६ मध्यें ‘द डाओ’ ह्या गुंतवणूक निधीच्या करारांतील दोषाचा फायदा घेऊन एकानें सुमारें ३६ लाख ईथर नाणीं काढून घेतलीं. जुलैमध्यें बहुसंख्यांनीं संमतीनें वहीचाच मार्ग बदलून तीं परत मिळविलीं. न बदलणारी म्हणविणारी वहीही माणसांनीं ठरविल्यास बदलते.

टोकनचा भाव बाजाराप्रमाणें चढतो-उतरतो, म्हणून ज्यांस संशोधनास देणगी द्यावयाची आहे त्यांनीं ती देणगी समजूनच द्यावी. नफ्याच्या आशेनें घेणाऱ्यांनीं आपला कायदाही ध्यानांत ठेवावा: १ एप्रिल २०२२ पासून अशा मिळकतीच्या नफ्यावर शेंकडा ३० कर बसविला असून तींतील तोटा दुसऱ्या उत्पन्नांतून वजा मिळत नाहीं. शेतीच्या उत्पन्नास असलेली माफी येथें लागू नाहीं.