मुले हात का उगारतात?

जून महिन्यात शाळा उघडल्या की आमच्या दवाखान्यात सर्दी-पडसे, ताप आणि पायाच्या चिखल्या यांची रीघ लागते. त्यांच्या जोडीला दरवर्षी आणखी काही रुग्ण येतात. भुवईवर खोक पडलेला आठवीतला मुलगा, हाताचे हाड मोडलेला नववीतला, कानशिलात बसल्यामुळे एका कानाने कमी ऐकू येणारा दहावीतला. ‘काय झाले?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘पडलो.’ सोबत आलेले वडीलही मान डोलावतात. पण जखम कशी झाली हे बहुतेक वेळा जखमच सांगते. पडलेल्या मुलाचे तळहात आणि गुडघे खरचटतात. ठोसा मारणाऱ्याचे करंगळीमागचे हाड मोडते.

‘मुलांची भांडणे, त्यात काय एवढे!’ असे म्हणून सोडून देण्याचे दिवस आता राहिले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीतील एका शाळेत नववीच्या मुलाने वर्गमित्राच्या गळ्यावर काचेने वार केला. जून २०२५ मध्ये अहिल्यानगर शहरातील शाळेत आठवीच्या मुलाने दहावीच्या मुलाला चाकूने भोसकले. तो मुलगा वाचला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादच्या एका शाळेतही असाच एक दहावीचा मुलगा प्राणास मुकला. बातम्यांत आलेली कारणे पाहिली तर मन सुन्न होते. स्नेहसंमेलनातला नाच, खेळातला वाद, धक्का लागल्यावरून झालेली बाचाबाची. अशा कारणांवरून आपण सर्वांनीच शाळेत भांडणे केली आहेत. मग भांडणाचा शेवट असा का व्हावा? या प्रश्नाची वैद्यकीय बाजू आज पाहू.

मेंदूची वाढ अजून चालू असते

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उंचीने बापाला लागतो, आवाज फुटतो, मिसरूड येते. त्यामुळे तो मोठा झाला असे आपण धरून चालतो. मेंदूचे तसे नाही. राग, भीती, उत्तेजना यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग या वयात चांगलाच जागा झालेला असतो. उलट ‘थांब, याचा परिणाम काय होईल?’ असा विचार करणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. त्यातच चार मित्र बघत असले तर ‘माघार घेतली तर तोंड कसे दाखवू?’ ही भावना विचारावर मात करते. म्हणूनच एकांतात जो मुलगा सहज ‘चुकले’ म्हणेल, तोच भरवर्गात हात उचलतो. याचा अर्थ त्याला दोष नाही असा नव्हे. या वयात लगाम अजून घडत असतो, म्हणून तो मोठ्यांनीही धरायचा असतो, एवढाच याचा अर्थ.

रागामागे लपलेले आजार

ताप हे जसे लक्षण आहे, तसाच वारंवार येणारा अनावर राग हेही लक्षण असू शकते. मारकुट्या मुलाला आमच्याकडे आणले की आम्ही पुढील गोष्टी पाहतो.

*झोप.* या वयात आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पहिल्या एसटीसाठी उठणे, यात पाच तासही पदरात पडत नाहीत. अपुऱ्या झोपेने मोठी माणसेसुद्धा चिडखोर होतात.

*पोट.* चहा-बटरवर घरातून निघालेले मूल मधल्या सुट्टीपर्यंत उपाशीच असते. भुकेने आणि रक्त कमी असल्याने चिडचिड वाढते.

*डोळे आणि कान.* फळ्यावरचे न दिसणारा किंवा नीट ऐकू न येणारा मुलगा ‘मठ्ठ’ ठरतो. वर्ग त्याला हसतो. रोज हसे होण्यापेक्षा त्याला ‘दादा’ म्हणवून घेणे सोपे वाटते.

*अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता.* बुद्धी चांगली असूनही काही मुलांना अक्षरे, आकडे जमत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेला स्थान आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. काही मुले एका जागी बसूच शकत नाहीत आणि विचार येण्याआधी त्यांचा हात पुढे जातो. या दोन्हींवर उपचार आणि मार्गदर्शन उपलब्ध आहे. छडी हे त्यावरचे औषध नव्हे.

*उदासीनता.* मोठ्या माणसाचे नैराश्य रडण्यातून दिसते. किशोरवयीन मुलाचे पुष्कळदा चिडण्यातून. खेळ सोडलेला, मित्र तोडलेला, जेवण कमी झालेला आणि साध्या बोलण्यावर भडकणारा मुलगा उद्धट नसून आजारी असू शकतो.

*व्यसन.* गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी मुलांच्या खिशात पुड्या सापडतात. तंबाखूची तलफ आली की अस्वस्थपणा आणि चिडचिड वाढते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे *घर.* वडील मुंबईला किंवा बोटीवर, आई बागेच्या कामावर, घरी थकलेली आजी, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. अशा घरांतून उत्तम मुले घडली आहेत. पण जिथे दारू पिऊन आईला मारहाण होते, तिथले मूल एक धडा पाठ करते: ज्याचा हात वर, त्याचे खरे. हा धडा ते वर्गात म्हणून दाखवते.

मार खाणाऱ्याकडेही पाहा

भांडण आणि दादागिरी यांत फरक आहे. भांडण बरोबरीच्यांत होते आणि मिटते. दादागिरीत एकच मूल रोज लक्ष्य होते: टोपणनाव, डबा हिसकावणे, आणि आता मोबाइलच्या गटात टिंगल. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगातल्या जवळजवळ तिघांपैकी एका विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात सोबत्यांकडून त्रास झाल्याचे सांगितले होते. असे मूल सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखते म्हणते आणि रविवारी मात्र ठणठणीत असते. पोटाच्या साऱ्या तपासण्या चांगल्या आल्या, तर शाळेतल्या बाकावर कोण शेजारी बसते ते विचारा. महिनोन्‌महिने सोसणारे मूल एक दिवस स्वतःला इजा करते किंवा दप्तरात काहीतरी घालून नेते.

नॉर्वेत १९८२ साली तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण मानले गेले. त्यानंतर १९८३ पासून तिथे देशभर मोहीम झाली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने आखलेल्या कार्यक्रमाने बर्गेनच्या शाळांत दोन वर्षांत असा छळ जवळजवळ निम्म्यावर आला. उपाय महागडे नव्हते. मधल्या सुट्टीत मोठ्यांची नजर, वर्गात लिहून लावलेले चार नियम, दर आठवड्याला वर्गाची बैठक आणि दोन्ही मुलांच्या पालकांशी बोलणे. यातले आपल्या शाळांना न परवडणारे काय आहे?

इजा झालीच तर

● वाहत्या जखमेवर स्वच्छ फडका घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड, चुना काहीही भरू नका.
● चाकू किंवा काच आत रुतलेली असेल तर उपसू नका. भोवतीने दाब द्या, १०८ ला फोन करा. पालक येईपर्यंत थांबू नका. त्यांना रुग्णालयात बोलवा.
● डोक्याला मार लागल्यावर चोवीस तास लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, कानातून किंवा नाकातून पाणी-रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.
● कानशिलात बसल्यावर कमी ऐकू आल्यास पडदा फाटलेला असू शकतो. कानात तेल घालू नका.
● समोरच्याच्या दातावर ठोसा बसून बोटाच्या पेरावर जखम झाली, तर ती लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. तोंडातले जंतू सांध्यात शिरून हात निकामी होऊ शकतो.

शिक्षा की उपचार?

शिक्षकांना माझे सांगणे आहे की दोघांना आधी वेगळे करा, आणि चौकशी राग शांत झाल्यावर, भरवर्गात नव्हे तर बाजूला घेऊन करा. छडी मारून ‘मारू नये’ हे शिकवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानेही शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. त्यापुढे दाखला हातात देता येतो. पण त्याने आजार बरा होत नाही, फक्त गाव बदलतो. मुलाने केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडूनच करून घ्यावी: माफी, मोडलेल्या वस्तूची दुरुस्ती, काही दिवस खेळाला बंदी. शस्त्र आणणे किंवा मारण्याची धमकी देणे मात्र थट्टेवारी नेऊ नये. त्याच दिवशी पालक आणि मुख्याध्यापक समोरासमोर बसलेच पाहिजेत.

पालकांनो, ‘माझा मुलगा असा नाही’ हे वाक्य निदान आठवडाभर गिळा आणि त्याचे ऐकून घ्या. दुसऱ्याच्या मुलाचे नाव किंवा फोटो मोबाइलवर फिरवू नका. बालन्याय कायद्याने अशा प्रकरणातील मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे.

मदत जवळच आहे. शासकीय व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. वर्गशिक्षकांनी अशा मुलांची नावे त्यांना आवर्जून द्यावीत. शासकीय रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. आपल्या शहरातले प्रादेशिक मनोरुग्णालय हा पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचा विषय झाला आहे. त्या थट्टेपायी कित्येक आईबाप मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेत नाहीत. दात दुखला की दातांच्या डॉक्टरकडे जातो, तितक्याच सहजपणे तिकडे जावे.

या आठवड्यात एवढे तरी करा. रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवून मुलाला विचारा, ‘वर्गात तुला कुणाची भीती वाटते का? आणि तुझी कुणाला वाटते का?’ दुसरा प्रश्न विसरू नका.