रेघ कुणाची, निर्णय कुणाचा?

'पारंपरिक कला' हे शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात रंगमंचामागे फ्लेक्स लागतो. त्यावर वारली चित्रातला तारपा नाच छापलेला असतो, आणि त्याच मांडवात खुर्च्या मांडणारा आदिवासी पोरगा त्या चित्राकडे पाठ करून काम उरकीत असतो. वारली चित्र मुळात कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने निघते. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात ही रेघ कागदावर आणली, देशाबाहेर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रेघ मोठी झाली. ती ओढणारा समाज त्या प्रमाणात मोठा झाला काय?

हा प्रश्न आता एका नव्या माध्यमाच्या संदर्भात विचारावा लागेल, आणि ते माध्यम म्हणजे व्हिडिओ गेम, हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्याही पडल्या होत्या. गेम म्हणजे बंदुका, मोटारी आणि पोरांच्या डोळ्यांची नासाडी, एवढीच माझी समज होती. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने स्टाफरूममध्ये येऊन आपल्या मोबाईलवर एक कथाखेळ दाखविला, तेव्हा ती समज ढिली झाली. कथाखेळात गोष्ट पुढे सरकते ती खेळणाऱ्याच्या निवडीने. येथे थांबायचे की पुढे जायचे, बोलायचे की गप्प बसायचे, हे तो ठरवितो आणि त्याप्रमाणे प्रसंग बदलतो. असे खेळ मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून चार-दोन माणसेही करतात. त्यांच्याजवळ भांडवल नसते, म्हणून ते हाताकडे वळतात. कुणी कागदाची घरे कापतो, कुणी मातीच्या बाहुल्या करतो, कुणी आपल्या समाजाची जुनी चित्रपद्धती पडद्यावर आणतो. आपल्याला कर्तव्य आहे ते या शेवटच्या प्रकाराशी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या अलास्का प्रांतातले आहे. 18 नोव्हेंबर 2014 रोजी 'नेव्हर अलोन' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे दुसरे नाव इन्युपियाक भाषेत आहे: 'किसिमा इंगिचुना'. इन्युपियाक हे उत्तर अलास्काच्या बर्फाळ प्रदेशातले मूळ निवासी. मिशनरी शाळांनी आणि सरकारने त्यांच्या मुलांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेतली, हा इतिहास आपल्याला परका वाटू नये. अँकरेज शहरातील कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही मूळ निवाशांसाठी काम करणारी संस्था. अनुदानावर किती दिवस जगायचे, असा विचार करून तिने उत्पन्नाची स्वतःची वाट शोधली आणि चक्क खेळ तयार करणारी कंपनी काढली. तंत्रज्ञ बाहेरचे घेतले; ई-लाइन मीडिया या कंपनीशी भागीदारी केली. गोष्ट मात्र घरची ठेवली.

गोष्ट अशी : हिमवादळ थांबतच नाही, शिकार मिळत नाही, वस्ती उपाशी मरू लागते. एक मूल वादळाचा उगम शोधायला निघते. ही कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या नामवंत कथेकऱ्याच्या तोंडची. ती वापरण्यापूर्वी त्यांच्या कन्या मिनी ग्रे यांची परवानगी घेण्यात आली. मूळ कथेत मुलगा आहे; खेळात नुना नावाची मुलगी आणि तिच्याबरोबर एक पांढरा कोल्हा आहे. हा बदलही मिनी ग्रे यांना विचारून झाला. लेखन इश्माएल होप यांचे, आणि तेही अलास्काच्या मूळ निवासी समाजातले. सुमारे 40 वडीलधारी माणसे, कथेकरी आणि समाजातील जाणती मंडळी या कामात होती. आपल्याकडे असे काही करायचे ठरले तर किती जणांना विचारले जाईल, आणि कुणाला?

आता चित्राकडे या. वॉलरसच्या सुळ्यावर टोकदार हत्याराने शिकारीचे, होड्यांचे, नाचाचे प्रसंग कोरायचे आणि त्या चरांत काजळी भरायची, ही तिकडची जुनी कारागिरी. खेळात प्रसंगांना जोडणाऱ्या चित्रफिती याच धर्तीवर केल्या आहेत. पिवळट हस्तिदंती पृष्ठभागावर काळ्या रेघांची माणसे हलतात, आणि मागून एक वृद्ध आवाज इन्युपियाक भाषेत गोष्ट सांगतो. इंग्रजी येते ती पडद्याच्या तळाशी, अक्षरांत, दुभाष्याच्या जागी. ज्या भाषेला शाळेत छड्या बसल्या ती येथे निवेदकाच्या आसनावर आहे. खेळता खेळता समाजातील माणसांच्या मुलाखतींचे 24 लहान चित्रपट एकेक करून उघडत जातात. म्हणजे चित्रामागचा माणूस चेहऱ्यासकट समोर येतो. मुलगी आणि कोल्हा यांतल्या कुणालाही एकट्याने पुढे जाता येत नाही. खेळण्याचा नियमच समाजाच्या जीवनरीतीतून आलेला आहे. 2015 साली या खेळाला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला परवानगीची गोष्ट मोठी वाटते.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर ते खेळाचे नाही, पुस्तकाचे आहे. पण मुद्दा तोच आहे. 2011 साली 'भीमायन' प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांच्या जीवनातील अस्पृश्यतेचे अनुभव दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रंगविले. चित्रकथा म्हटली की पानावर चौकटी आल्या. त्यांनी चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यात कोंडायचे नाही, असे ठरवून त्यांनी घराच्या भिंतीवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या दिग्नाच्या नक्षीने पाने मोकळी विभागली. मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांभोवती पक्ष्याचा आकार आला. जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी फुटली. हा निर्णय संपादकाने सुचविलेला अलंकार नव्हता. तो चित्रकारांच्या दृष्टीतून आला. कलावंताला केवळ हात म्हणून बोलावले असते तर चौकटीच्या आत सुबक गोंड नक्षी मिळाली असती आणि विंचू कधीच दिसला नसता.

चामड्याच्या बाहुल्यांचे घ्या. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी मांडून रात्रभर गोष्ट सांगत. एकेक चित्र उभे करायचे, गायचे, बोलायचे, की पुढचे चित्र. त्यांच्याकडे चामडी बाहुल्यांचाही खेळ होता. आंध्र-कर्नाटकातही तो आहे, आणि तो करणाऱ्या अनेक कुटुंबांची घरची बोली मराठीशी नाते सांगते. चामडे पारदर्शक होईपर्यंत तासायचे, बारीक छिद्रांनी दागिने आणि वस्त्रे कोरायची, खांदा-कोपर-गुडघा वेगळे कापून दोऱ्याच्या गाठीने जोडायचे. आज संगणकावर सपाट आकृती हलविताना हेच करतात. चित्राचे अवयव सुटे करतात आणि सांध्यावर कळ बसवितात. तंत्रज्ञाला जे शिकायला अभ्यासक्रम लागतो ते या घरांत पोराला दहाव्या वर्षी येत असे. तरी त्याला 'अडाणी' म्हणायचे आणि याला 'डिझायनर'!

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान गटाने 2020 साली 'राजी' हा खेळ आणला. त्यातील निवेदनाचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने रंगविले आहेत. मी ते पाहिले, देखणे आहेत. तुटपुंज्या बळावर केलेल्या त्या श्रमाचा मला आदर आहे. पण गोष्ट पुन्हा देव आणि असुरांची, दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेची. माझे आजोबा रापी आणि आरी घेऊन उभे आयुष्य चामड्यावर बसले. एक काप चुकला की कातडे वाया, आणि त्या दिवशी घरात भाकरी कमी. बाहुलीतून प्रकाश आरपार जावा म्हणून तासलेल्या चामड्याकडे पाहताना मला त्यांची बोटे दिसतात. चामड्याची बाहुली पडद्यावर पोहोचली. चामडे कमावणारा बाहेरच उभा आहे. त्याची गोष्ट कुणी परका येऊन सांगणार नाही, आणि सांगितली तरी ती त्याच्या दुःखाची नक्षी करील.

मग आपण सांगायची. त्यासाठी पैसा फार लागत नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. ट्वाइन नावाचे साधन 2009 पासून उपलब्ध आहे. ते फुकट आहे, त्याला संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. प्रसंग लिहायचा, त्यातल्या शब्दांना पुढच्या प्रसंगांशी जोडायचे, कागदावरचे चित्र मोबाईलने टिपून त्यात घालायचे. सगळा खेळ वेबपानाच्या एका फाइलीत मावतो, मराठी अक्षरे नीट दिसतात, आणि साध्या मोबाईलवरही तो उघडतो.

अडचण वेगळीच आहे, आणि ती खरी आहे. हे माध्यम निवडीवर उभे आहे; जात ही निवडच नाकारते. खेळणाऱ्यापुढे 'विहिरीवर जा' आणि 'जाऊ नको' असे दोन पर्याय सारख्याच अक्षरांत ठेवले तर आपण खोटे बोललो. जणू न जाणे ही तिची मर्जी होती! या पेचातून एक वाट 2013 साली झोई क्विन यांच्या 'डिप्रेशन क्वेस्ट' या ट्वाइनमध्येच केलेल्या खेळाने दाखविली. विषय मानसिक आजाराचा. तेथे निरोगी माणसाने सहज निवडला असता तो पर्याय पडद्यावर दिसतो, पण त्यावर काट मारलेली असते. बोट ठेवले तरी तो उघडत नाही. जे करता येण्यासारखे आहे, जे शेजारचा करतो आहे, आणि जे आपल्याला बंद आहे, ते सगळे एकाच वेळी डोळ्यांपुढे राहते. अस्पृश्यतेचे इतके नेमके व्याकरण मला तरी दुसऱ्या माध्यमात आढळले नाही.

ती विद्यार्थिनी आता असा एक खेळ करते आहे. 1972 च्या दुष्काळातली, तिच्या आजीची गोष्ट. चित्रे तीच काढते, चुना, गेरू आणि काजळी वापरून, त्यांच्या वस्तीत दारापुढे काढतात त्या धाटणीची. पहिल्या चित्रात तिने विहिरीच्या पायऱ्यांवर घागर घेऊन उभी असलेली पोर रंगविली होती. चित्र मला आवडले होते, मी तसे म्हणालोही. तिने ते आजीला दाखविले. आजी म्हणाली, "पायऱ्यांवर कुठली गं मी? आम्ही खाली, दगडाशी. वरून कुणी ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर ऊन उतरंपर्यंत बसायचं." चार दिवसांचे काम होते. तिने चित्र बाजूला ठेवले आणि नवा कागद घेतला. आता पोर दगडाशी बसलेली आहे, पायऱ्या रिकाम्या आहेत. चित्राखाली दोन ओळी आहेत : 'पायऱ्या चढ' आणि 'वाट पाहा'. पहिलीवर काट आहे. काट काळी असावी की गेरूची, हे अजून ठरलेले नाही. ती पुन्हा आजीला विचारणार आहे.